चौथ्या रांगेची बेल

१८ नोव्हेंबर १९७४, सोमवार. जळगाव.

आले एकदाची! धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत बस इतकी रेंगाळली की विमानात नोकरी करायला निघालेली मुलगी बैलगाडीने आली असती तरी चाललं असतं. मांडीवर पत्र्याची ट्रंक, ट्रंकेवर शेजारच्या बाईचं पोर, आणि त्या पोराच्या हातात माझी वेणी. तरी सगळा वेळ मी मनातल्या मनात हसतच होते.

कंपनीचं नाव सातपुडा एअर सर्व्हिस. नाव भारदस्त, विमान मात्र एकच. लढाईच्या काळातलं जुनं डाकोटा, अठ्ठावीस जागांचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी जळगावहून मुंबई आणि दुपारी परत. धावपट्टीवर दिवे नाहीत, त्यामुळे सगळा कारभार उन्हातला. हे ऐकल्यावर आईचा जीव निम्मा तरी भांड्यात पडला.

उरलेला निम्मा नानांनी टांगून ठेवला. आमचे नाना, म्हणजे वडील, भाईदास पाटील. सगळ्या भाऊबंदांशी भांडून त्यांनी मला पाठवलं खरं, पण स्टँडवर बस सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, ‘रडत वापस उनी ते शकूनं कॉलेजबी बंद.’ शकू माझी धाकटी बहीण. यंदाच कॉलेजात गेली आहे. म्हणजे एका माझ्या रडण्यावर दोघींची घरवापसी. रडतंय कोण! कुमुदिनी पाटील रडत नसते, रडवते.

सुगंधाबाईंकडे खोली घेतली आहे. खिडकीतून लिंबाचं झाड दिसतं. उद्या गणवेशाच्या निळ्या साडीला इस्त्री करायची आहे.

२० नोव्हेंबर, बुधवार.

पहिली फेरी पार पडली. डाकोटा जमिनीवर शेपटी टेकून बसतं, त्यामुळे मागच्या दारातून आत शिरलं की पुढच्या रांगेपर्यंत चक्क चढ लागतो. एक आजोबा मध्येच थांबून म्हणाले, अजून किती गड चढायचा? कापसाचे व्यापारी, केळीवाले बागायतदार, दोन वकील, एक नवरानवरी. चोपड्याच्या एका गृहस्थाने विमान सुटायच्या आत डबा उघडून भरीत-पुरी काढली आणि बुक्कीने कांदा फोडला. एकाने बिडी पेटवली. मी ती काढून घेतली तर त्याने मलाच विचारलं, मग वारा आत येतोय की नाही हे कळायचं कसं?

दोघांनी टिचक्या वाजवून मला बोलावलं. टिचकी वाजवणारा माणूस मला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. प्रत्येक जागेवर बटण दिलंय, ते दाबा. दाबलं की जागेच्या वर लाल दिवा लागतो आणि मागे माझ्या कपाटाशी बेल वाजते.

मुंबईला मला शिकवणाऱ्या सुनंदाबाईंनी तीन गोष्टी डोक्यात ठोकून बसवल्या आहेत. बेल वाजली की जायचं. उडण्याआधी डोकी मोजून यादीशी ताडायची. आणि उतरताना दारात हात जोडून उभं राहायचं, एकही माणूस न गाळता प्रत्येकाला म्हणायचं, ‘पुन्हा या.’ कोणी थुंकला असो की शिवी देऊन गेला असो, पुन्हा या! त्यांनी माझ्याकडून हे शंभर वेळा घोकून घेतलं होतं. आता तर झोपेतसुद्धा म्हणत असेन.

वैमानिक कॅप्टन फ्रामजी, बोलणं कमी आणि खोकला जास्त. खाली कौतिकभाऊ: शिडी लावणं, माणसं मोजणं, बिघाड काढणं, सगळं एकटेच करतात. मला ताई म्हणतात. प्रवाशांत एक लाडकुंवरबाई आहेत, सराफ बाजारातल्या. डोळ्याच्या उपचाराला दर फेरीला मुंबईला जातात. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने सगळ्यांची चौकशी. त्यांनी मला खडीसाखर दिली.

२५ नोव्हेंबर, सोमवार.

आज अभिमन आबांचं दर्शन घडलं. भडगावकडचे मोठे बागायतदार, पुढारी, पन्नाशीचे, धिप्पाड. त्यांची माणसं दर फेरीला सहा-सात जागा घेतात, त्यामुळे कंपनी त्यांच्यापुढे पायघड्याच घालते. चौथ्या रांगेतली खिडकी त्यांची ठरलेली. मुंबईला जाताना त्यांनी बेल मोजून सतरा वेळा वाजवली. पाणी. बडीशेप. खालचं गाव कोणतं? लग्न झालंय का? आणि अठराव्यांदा काही न बोलता मनगटच धरलं. मी सोडवून घेतलं. ते हसले, त्यांची माणसंही हसली. ‘आठे बस व पोरी, कथा पळी रायनी?’ म्हणाले. इथे बस म्हणे, पळतेस कुठे!

मला इतका संताप आला की हातातलं सरबत ओतणार होते त्यांच्या फेट्यावर. उतरल्यावर कॅप्टनना सांगितलं. ते खोकले, मग म्हणाले, मोठा माणूस आहे, हसून वेळ मारून ने. मुंबईला सुनंदाबाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन एक युक्ती दाखवली. कपाटाच्या आत, वरच्या कोपऱ्यात एक स्विच आहे. तो खाली केला की बेल मुकी होते. दिवा लागतो, आवाज येत नाही. अशा माणसाला दाबू द्यायचं. दाबून दाबून थकतो. सगळ्या जुन्या मुली हेच करतात, फक्त कागदावर लिहीत नाहीत.

४ डिसेंबर, बुधवार.

 सगळं नीट, जसं घडलं तसं लिहिते.

मुंबईहून निघतानाच आबांच्या तोंडाला दारूचा वास येत होता, म्हणून शेजारची जागा सोडून त्यांची माणसं पुढच्या रांगांत बसली होती. विमान वर गेल्यावर त्यांनी तीन वेळा बोलावलं. चौथ्यांदा पदर धरला, ओढला, पिन तुटली. भोवतालची माणसं खिडकीबाहेर बघायला लागली.  मी पदर सोडवून मागे आले, कपाट उघडलं आणि स्विच खाली केला.

दिवा लागला. विझला. पुन्हा लागला. मी माझ्या जागेवर बसून बघत होते. मनात म्हटलं, दाब, हवं तितकं दाब. मग दिवा लागला आणि लागूनच राहिला. आता नुसतं बोट ठेवून बसलाय मेला, असं वाटलं. कितीतरी वेळ तो लाल दिवा मला दिसत होता आणि मी गेले नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं.

जळगावला उतरलो. सगळे उठले, ते उठले नाहीत. बोट बटणावर तसंच, तोंड उघडं. धावपट्टीवर डॉक्टर आले, म्हणाले, हृदय बंद पडलं, अर्धा तास तरी झाला असेल.

सगळे प्रवासी थांबले होते. कौतिकभाऊ आणि दोघांनी त्यांना चादरीवर घालून मागच्या दाराशी आणलं. मी दारात उभी. डोकं रिकामं झालं होतं. ते माझ्यासमोरून चालले होते, उतरत होते, आणि माझे हात जोडले गेले आणि तोंडातून निघालं, ‘पुन्हा या.’

सगळे थिजले. चादर धरलेला एकजण माझ्याकडे बघतच राहिला. मयताच्या दारातून निघताना आपण ‘येतो’ म्हणत नाही, कोणी कोणाला ‘या’ म्हणत नाही, मान खाली घालून निघून जातो. हे काय मला ठाऊक नाही? लाडकुंवरबाईंनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘अरे बाई, ओ थे कांई बोल दियो?’ हे काय बोलून बसले मी!

५ डिसेंबर, गुरुवार.

आबांचे भाऊबंद कंपनीत आले होते. त्यांचा एकच प्रश्न होता. बोट बटणावर होतं, मग बेल वाजली का, आणि वाजली तर बाई का गेली नाही?

कॅप्टननी माझ्याकडे पाहिलं. मला नाना दिसले, शकू दिसली. मी म्हटलं, वाजली नाही. ती बेल बिघडलेली आहे. कधी वाजत नाही, कधी आपोआप वाजते.

कॅप्टननी बिघाडाची वही पुढे केली आणि मी माझ्या हाताने लिहिलं: ‘चौथी रांग, खिडकी, बेल नादुरुस्त. आपोआप वाजते. लक्ष देऊ नये.’ खाली सही. कौतिकभाऊंनी वही वाचली, संध्याकाळी वायरी तपासल्या आणि मला एकटीला गाठून म्हणाले, ‘ताई, वायर ते बठ्ठी बरोबर शे.’ वायरी सगळ्या ठीक, म्हणजे बिघाड नव्हताच. मी खाली मान घालून निघून आले. लाज वाटली, पण सुटल्यासारखंही वाटलं.

६ डिसेंबर, शुक्रवार.

मुंबईला निघताना डोकी मोजली. यादीत एकवीस. मोजली तर बावीस. पुन्हा मोजली, पुढून मागे आणि मागून पुढे. बावीस. नावं घेऊन हात वर करायला लावले, तर एकवीसच हात. कॅप्टन चिडले, म्हणाले, शाळेत अंक शिकली नाहीस का? आम्ही उडालो.

चौथ्या रांगेच्या खिडकीत कोणी बसायला तयार नव्हतं, ती जागा रिकामी. शेजारच्या जागेवर लाडकुंवरबाई, त्यांना कुठली जागा ते उमगलंच नसावं.

नाशिकच्या आसपास बेल वाजली. दिवा चौथ्या रांगेचा.

म्हटलं, लाडकुंवरबाईंचा हात लागला असेल. गेले. त्यांचे दोन्ही हात जपमाळेवर. त्या मला हळूच म्हणाल्या की शेजारच्या भाऊंना काहीतरी हवंय, मघापासून बटण दाबतायत. पट्टी त्यांच्या खिडकीकडच्या डोळ्यावर आहे. मग म्हणाल्या, त्यांचा हात लागला मला, पहाटेच्या पाण्याच्या तांब्यासारखा गार.

९ डिसेंबर, सोमवार.

मी स्विच खाली केला होता. उडण्याआधीच. तरी वाजली.

दोन्ही फेऱ्यांत वाजली. प्रवासी वळून बघतात. मी हसून सांगते, बिघडलेली आहे, लक्ष देऊ नका. कॅप्टननीही आतून ओरडून तेच सांगितलं. आता सगळ्यांना ठाऊक झालंय. त्या बेलवर हसतात.

लाडकुंवरबाईंना उतरताना सगळं सांगितलं. स्विचचं सोडून. त्या म्हणाल्या, बोलावलेला पाहुणा येणारच, बाई. ज्याने या म्हटलं त्यानेच परत पाठवायचं. बाकी कोणाचं तो ऐकणार नाही. त्यांनी उद्यापासून आगगाडीने जायचं ठरवलं आहे. मला डोक्यावर हात ठेवून गेल्या.

११ डिसेंबर, बुधवार.

शकूचं पत्र आलं. मैत्रिणींना सांगते म्हणे, माझी ताई आकाशात नोकरी करते. नाना स्वतः कॉलेजात जाऊन प्राध्यापकांना भेटून आले आणि तिला सायकल घेऊन द्यायचं म्हणतायत. पत्र वाचून मला खूप रडू आलं. नोकरी सोडायचं कालच मनात आलं होतं. आता कशी सोडू?

आज कौतिकभाऊंना सांगून त्या जागेची वायरच कापून घेतली. तुकडा मी पर्समध्ये टाकला. धुळ्यावरून जाताना वाजली.

१३ डिसेंबर, शुक्रवार.

ठरवून गेले होते. माणसं उतरली की शेवटी आबांची पावलं येतात. दिसत नाही काही, पण पत्रा दबतो, दारूचा वास येतो. तो वास आला तसे मी हात जोडले आणि मोठ्याने म्हटलं, ‘जा. पुन्हा येऊ नका.’

समोर झुंबरलाल सेठ होते. पिशवी विसरली म्हणून परत वर आलेले. जिवंत माणूस. पांढरेफटक पडले, मग लाल झाले. दारातून असं बोलतात कोणाला? तक्रार लिहूनच गेले.

वास माझ्यापाशीच थांबला. शिडीवर उतरलाच नाही. हसल्यासारखं झालं.

१६ डिसेंबर, सोमवार.

सुनंदाबाईंनी झापलं. आणखी एक तक्रार आली की घरी. रजा मागितली, नाही म्हणाल्या, बदली मुलगी नाही.

मोजणी आजही एकाने जास्त. मी यादीत खोटा आकडा लिहिला.

आज बेल वाजायची थांबलीच नाही. एक तास. प्रवासी हसत होते. मी कानात बोटं घालून—

१८ डिसेंबर, बुधवार.

आज आबा बोलले.

मी पाण्याचे पेले घेऊन चालले होते, चौथ्या रांगेशी पाय उचलेना. कानाशी आवाज आला, अगदी हळू, तसा ते कधी बोलत नसत. ‘माले पानी दे.’ मग म्हणाले, ‘कितला टाइम व्हयना, घंटी वाजाडी रायनू.’

किती वेळ झाला, बेल वाजवतोय. म्हणजे त्या दिवशी पाणी हवं होतं. शेवटच्या वेळी फक्त पाणी.

मी पळाले. मागे दाराला पाठ लावून उभी राहिले. विमानात पळून जाणार कुठे? वीस पावलं सुद्धा नाहीत.

शुक्रवारी यंदाची शेवटची फेरी. मग इंजिनं उघडून तपासायला मुंबईची माणसं दोन जानेवारीला येणार. तोवर विमान कुलूपबंद. तेवढे दिवस मी सुटले. पण पुढे?

शुक्रवारी जाईन. पाणी देईन. हात जोडून माफी मागेन, खरं ते सांगेन. त्यांना सांगेन, दुसऱ्या कोणाला नाही.

२० डिसेंबर, शुक्रवार. विमानातच.

डाव्या हाताने वही धरता येत नाही. मांडीवर ठेवून लिहिते. अक्षर वेडंवाकडं—

मुंबईहून निघालो. बेल वाजली. गेले. पेला पुढे केला. पेला रिकामा झाला, मी पाहिलं. म्हटलं, आबा, चुकलं माझं. स्विच मी बंद केला होता. दिवा दिसत होता, मी आले नाही.

‘आठे बस,’ म्हणाले.

बसले. मनगट धरलं. गार. पट्टा आपोआप बसला.

कोणाला दिसत नाही का? शेजारून माणसं गेली. एकाने माझ्या मांडीवर पिशवी ठेवली. उचलून घेतली. माझ्याकडे पाहिलं नाही.

जळगाव आलं. दार उघडलं. माणसं उतरतायत.

हात सुटला. ते उठले. आता दिसतायत— पाठ, फेटा— चालत गेले दारापर्यंत. दारात मी उभी आहे. निळी साडी. हात जोडलेले. ‘पुन्हा या’ म्हणतेय. सगळ्यांना. त्यांना नाही म्हणाली. ते उतरले. मागोमाग ती उतरली.

मग मी— इथे कोण—

कौतिकभाऊ खाली मोजतायत. खिडकीतून दिसतं. बोटाने. यादीशी ताडलं. मान हलवली. आज बरोबर आली. हसतायत.

पट्टा निघत नाही. ओरडले. घसा कोरडा. आवाजच—

बटण दाबलं. वाजली! मागे वाजली. स्पष्ट.

कॅप्टन दाराशी थांबले. आत डोकावले. कौतिकभाऊंनी काय ते विचारलं. कॅप्टन म्हणाले, काही नाही, तीच ती, बाईंनी वहीत लिहिलंय ना— लक्ष देऊ नये.

दार लावलं. कडी.

शिडी ओढतायत. चाकांचा आवाज.

ऊन आहे अजून बाहेर. ती कौतिकभाऊंच्या मागे चालतेय, पर्स माझीच— शकूला पत्र लिहील का ती— शकूकडे जाईल—

पाणी. कोणीतरी पाणी—

बोट काढलेलं नाही मी. दिवा लागलाय. बघा ना वर, दिवा— लागूनच राहिलाय, कोणीतरी या, फक्त एकदा मागे बघून